नावाचा रकाना

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लग्नाआधीच नवऱ्याला सांगून टाकलं होतं. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरांच्या हसण्यापर्यंत मला सगळीकडे काहीतरी काळंबेरं दिसतं. कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघते आणि जिना उतरून खाली आले की चौथ्यांदा बघायला परत वर जाते. पण याच स्वभावावर पुढे माझं पोट भरलं. मी शिकले ते वस्तूंच्या रचनेचं शास्त्र. एखादी शेगडी, एखादं यंत्र, एखादं बटण माणसाच्या हाताला सोयीचं पडतं का ते बघायचं आणि नसेल पडत तर बदलायचं. त्यातला पहिला धडा असा, की वापरणारा ‘छान आहे’ म्हणाला तर त्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. तोंड काय म्हणतं ते सोडून द्यायचं, हात कुठे थांबतो ते बघायचं. हा धडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हे शास्त्र कुणीतरी माझ्याच सोयीसाठी काढलंय.

आज या कामाला भारी इंग्रजी नाव आहे आणि ते शिकवायला लोक विमानानं येतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिल्वासात त्याला नाव नव्हतं आणि मला काम नव्हतं. नवऱ्याला धाग्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मुंबईहून तिथे गेलो आणि सामरवरणीत दोन खोल्या घेतल्या. खिडकीतून भाताची खाचरं दिसायची, आणि दर दोन-चार महिन्यांनी त्यातलं एखादं पत्र्याच्या शेडखाली जायचं. करमाफी होती, त्यामुळे जो तो उठून तिथे कारखाना टाकत होता. शेजारणींनी मी काय शिकलेय ते विचारलं तेव्हा मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी एकीनं मान डोलावली आणि म्हणाली, म्हणजे शिवणक्लाससारखंच की. मी हो म्हटलं.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका लग्नाच्या पंगतीत नवऱ्यानं माझ्या शिक्षणाची गोष्ट कुणाला तरी सांगितली, ते निघाले शेजारच्या वसाहतीतल्या एका कारखान्याचे मॅनेजर, आणि त्यांनी मला भेटायला बोलावलं. त्या कारखान्यात पुड्या भरायची यंत्रं बनायची. वरच्या नरसाळ्यात हळद, तिखट किंवा धुण्याची पावडर ओतायची, खाली प्लास्टिकची पुडी भरून, चिकटून बाहेर पडायची. यंत्रं चांगली होती, पण बटणांचं नवं पॅनल बसवल्यापासून गिऱ्हाइकं ती परत पाठवत होती. मॅनेजर पुण्याचे, पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. परदेशात म्हणे यंत्र बाजारात जाण्याआधी वापरणाऱ्याला त्यावर बसवून बघतात, असं त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात ऐकलं होतं. ते बघायचं कसं, हे मी त्यांच्या माणसांना शिकवावं, अशी त्यांची इच्छा होती. फिटर, विक्रीवाले, यंत्रावर बसणाऱ्या बाया, सगळ्यांना.

बायांना कशाला, असं माझ्या मनात आलं. साहेब लोक बायांना काही शिकवायला निघाले की मला आधी घाम फुटतो. मी तसं विचारलंही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारखी व्यक्ती सिल्वासात आहे हेच आमचं भाग्य.” माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण दोन वर्षं डाळी निवडून माझी बोटं इतकी कंटाळली होती, की मी ते उत्तर म्हणून घेतलं.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी भरायचा, दोनला पहिली पाळी सुटली की तीन वाजता, चाचणीच्या शेडमध्ये. येऊन-जाऊन असणारे आणखी दोघं-तिघं होते, पण वर्ग म्हणावा तर तिघांचाच. एक फिटर, शिरपूरकडचा, चाळिशी उलटलेला. त्यानं आधी धुळ्याकडे कापडगिरणीत काम केलं होतं, आणि हे नवं पॅनल त्यानंच जोडलं होतं. दुसरे वापीचे विक्रीवाले भाई, ज्यांच्या मते जगातल्या सगळ्या यंत्रांमध्ये एकच दोष होता, तो म्हणजे गिऱ्हाईक. आणि तिसरी खानवेलकडची एक बाई, पंचविशीची असेल, चाचणीच्या यंत्रावर पुड्या भरणारी. ती सकाळच्या पहिल्या बसनं यायची. याआधी रस्त्याच्या कामावर खडी वाहायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला बसून करायचं काम मिळालं होतं, आणि ते टिकावं एवढंच तिला हवं होतं. हे तिनं मला सांगितलं नाही. ती स्टुलावर बसायची कशी, ते बघितलं की कळायचं.

पहिल्याच दिवशी फिटरनं मला विचारलं, “ताई, हे शिकवून झाल्यावर किती मानसं कमी व्हतील?”

मी म्हटलं, एकही नाही. कुणालाही न विचारता, छातीठोकपणे म्हटलं. वर हेही सांगितलं की परीक्षा यंत्राची आहे, तुमची नाही. तुम्ही चुकलात तर चूक यंत्राची. तिघांनीही माना डोलावल्या. आमच्या शास्त्रात लगेच डोललेल्या मानेची किंमत शून्य असते, हे मला ठाऊक होतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं आणि त्यांच्यावर नजर ठेवायचं ठरवलं.

तसं नजर ठेवण्यासारखं तिथे पुष्कळ होतं. मी शेडच्या दारातून आत शिरले की सगळ्यांचे हात एकदम शिस्तीत चालायला लागायचे. हास्यविनोद बंद, गाणं बंद. शेडच्या भिंतीवरून हवेचा लोखंडी पाइप गेला होता, तो माझ्या येण्याच्या वेळीच नेमका दोनदा वाजायचा. कॉम्प्रेसर सुरू होत असेल असं मी समजत होते. फिटर अधूनमधून मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाताना दिसायचा आणि मला बघितलं की खाली मान घालायचा. हा माणूस माझ्याबद्दल आत काहीतरी सांगतोय, याबद्दल माझी खात्री पटत चालली होती.

म्हणून नोंदीचा तक्ता मी जरा जास्तच काळजीपूर्वक आखला. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की बसणाऱ्या माणसाचं नाव लिहू नये, नुसता आकडा द्यावा. पण नाव नसेल तर हे लोक उद्या म्हणतील की तो मी नव्हेच. कोण खरं वागतंय, कोण लपवतंय ते मला पकडता यायला हवं होतं. मी पहिला रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘नाव’.

पहिली चाचणी खानवेलच्या बाईची होती. त्याआधी यंत्र नीटनेटकं दिसावं म्हणून मी फिटरला पॅनल रॉकेलच्या फडक्यानं स्वच्छ पुसून घ्यायला सांगितलं. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग पुसलं. पॅनलवर शेजारी शेजारी दोन लाल बटणं होती. एकानं यंत्र थांबायचं, दुसऱ्यानं नरसाळ्याचं खालचं तोंड उघडून सगळी पावडर बाहेर पडायची. दोन्ही सारख्याच आकाराची, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. बाईचा हात त्या बटणांपाशी तीनदा थांबला, आणि तिसऱ्यांदा तिनं भलतंच दाबलं. किलोभर धुण्याची पावडर भसकन फरशीवर सांडली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ओचा सावरून ती खाली बसली आणि हातानं पावडर गोळा करायला लागली. मी तिचं नाव लिहिलं आणि पुढे तीन रेघा ओढल्या.

शिकवणं मात्र मला आवडायला लागलं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. पद्धत साधी होती. एकानं यंत्र चालवायचं, दुसऱ्यानं गप्प राहून बघायचं, तिसऱ्यानं लिहायचं. यातलं गप्प राहणं भाईंना जमेना. कुणाचा हात अडला की त्यांचं बोट पुढे, “अरे आ दबाओ ने!” पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे काठोकाठ भरलेले ग्लास दिले आणि चाचणी संपेपर्यंत एक थेंब सांडायचा नाही असं बजावलं. बोट दाखवणं बंद झालं. हात अडकले की भाईंची जीभही अडते, असा एक शोधही लागला. चौथ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, “बेन, गिऱ्हाईक पण असाच अटकत असेल, ने? आपण समजतो त्याला येत नाही.” मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

चालवताना मनात येईल ते मोठ्यानं बोला, हा आमच्या शास्त्रातला दुसरा नियम. तो बाईला पटेना. यंत्राशी काय बोलायचं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. आणि तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे नोंद ठेवण्याचाही प्रश्न होता. मग मी टेबलावर खडूनं पॅनल काढलं आणि कँटीनमधून सोड्याच्या बाटल्यांची मूठभर झाकणं आणून तिच्या हातात दिली. समोरच्याचा हात जिथे थांबेल, तिथे एक झाकण ठेवायचं, बस.

या कामात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे निघून गेली. मी वहीत मान घालून दोन थांबे लिहायचे, तिची झाकणं पाच असायची. मला वाटायचं, उगाच ठेवतेय. एकदा मी तिला पुरावा मागितला तेव्हा तिनं फिटरचा अंगठा दाखवला. बोट बटणावर जाण्याआधी त्याचा अंगठा किंचित मागे यायचा. मी चार वर्षं कॉलेजात घालवली होती आणि मला तो अंगठा दिसला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. सगळीकडे तुमच्या वर्गाची चर्चा आहे म्हणाले. असं पद्धतशीर काम इथे आजवर कुणी केलं नव्हतं म्हणाले. शेजारच्या दोन कारखान्यांतही तुमचं नाव सुचवतो म्हणाले. मग चष्मा पुसत, सहज म्हणून, त्यांनी तक्ते बघायला मागितले. मी पिशवीतून काढून दिले. दिले म्हणण्यापेक्षा मिरवले. प्रत्येक रकाना त्यांना समजावून सांगितला, रेघा म्हणजे काय तेही सांगितलं. ते फार लक्षपूर्वक ऐकत होते.

पुढच्या मंगळवारी सगळ्या चाचण्या अगदी सुरळीत झाल्या. बाईचा हात कुठेही थांबला नाही. फिटरचा थांबला नाही. एरवी यंत्राला हात न लावणारे भाईसुद्धा न अडखळता पुड्या भरून उठले. शुक्रवारीही तेच. टेबलावर एकही झाकण पडलं नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. मला झोप येईना. ज्या पॅनलपायी गिऱ्हाइकं यंत्रं परत पाठवत होती, ते एका आठवड्यात कुणालाच अवघड जाऊ नये? काहीतरी शिजत होतं, आणि ते शिजवणारा फिटरच असणार हे मी ठरवून टाकलं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले, आणि पुढच्या दारानं न जाता भंगाराच्या बाजूनं, मागून. पाइप वाजला नाही. शेडच्या पाठीमागे पत्र्याच्या सावलीत तिघं बसले होते. मध्ये एक पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यावर सोड्याची झाकणं चिकटवून हुबेहूब पॅनल केलेलं होतं. फिटर म्हणायचा, “थांबव.” बाई डोळे मिटून झाकणावर बोट ठेवायची. “रिकामं कर.” शेजारच्या झाकणावर बोट. चुकली की भाई जिभेनं चुक् करायचे आणि परत पहिल्यापासून. तिच्या कपाळावर घाम होता. शाळेत पाढे चुकल्यावर पोरं जशी ओठ हलवत राहतात तशी ती ओठ हलवत होती.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला तिची दया आली नाही, राग आला. पुठ्ठ्याचं पॅनल करून आधी त्यावर चाचणी घ्यायची, हा मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते तो धडा. तो यांनी न शिकवता काढला होता, आणि वापरला होता माझ्याच डोळ्यांत धूळ फेकायला. मी फिटरला बाजूला बोलावलं.

“तुम्ही माझा पेपर फोडलात,” मी म्हणाले.

तो हातातला पाना पुसत राहिला. “पेपर कशाचा, ताई? निकाल त आधीच लागेल हाये. साहेबानं तुमच्या कागदावर तिच्या नावाखाली लाल रेघ मारेल हाये. एक तारखेपासून ती घरी. मी वायरिंगले केबिनमधी जातो, तवा पाह्यलं. नव्या कागदावर रेघा नसल्या त साहेब ती खोडतील, म्हनून हे.”

मी म्हटलं हे शक्य नाही. ते कागद त्यासाठी नव्हतेच. परीक्षा यंत्राची होती.

“यंत्राची परीक्षा व्हती,” तो म्हणाला, “त मानसाचं नाव काबर लिहिलं?”

मग त्यानं बाकीचं सांगितलं. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं. गिरणीत असताना एक माणूस असाच वही घेऊन यायचा. गोड बोलायचा, सगळ्यांना बिडी द्यायचा. दोन महिन्यांनी एका माणसाकडे दोनाऐवजी चार माग आले आणि निम्मे लोक घरी गेले. तेव्हापासून त्याच्याबरोबरच्या माणसांत रीतच पडली होती, की वहीवालं कुणी आत शिरलं की पाना घेऊन पाइपवर दोनदा ठोकायचं, म्हणजे सगळे सावध होतात. तो कॉम्प्रेसर नव्हता. तो माझ्या नावाचा इशारा होता.

आणि शेवटी त्यानं टिकलीची गोष्ट सांगितली. नवं पॅनल बसवल्यापासून महिनाभर बाई त्यावर काम करत होती आणि चिमूटभर पावडर तिनं सांडली नव्हती. कारण तिनं डावीकडच्या लाल बटणावर स्वतःची एक टिकली चिकटवली होती. टिकली असेल ते थांबवायचं, नसेल ते रिकामं करायचं. पहिल्या चाचणीआधी मी पॅनल पुसायला लावलं, तेव्हा रॉकेलच्या फडक्याबरोबर ती टिकली गेली. मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंत? तो म्हणाला, वहीवाल्याला कोण सांगतं.

म्हणजे तिच्या पुढच्या त्या तीन रेघा तिच्या नव्हत्या आणि यंत्राच्याही नव्हत्या. त्या माझ्या होत्या.

तरीही मी लगेच विश्वास ठेवला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हा माणूस मला साहेबांविरुद्ध भडकवतोय की काय, असा विचार केबिनपर्यंत चालत जाताना माझ्या मनात दोनदा येऊन गेला. केबिनमध्ये टेबलाच्या काचेखाली माझे तक्ते ओळीनं लावलेले होते. तिच्या नावाखाली लाल रेघ होती, येऊन-जाऊन असणाऱ्यांतल्या आणखी एका बाईच्या नावाखालीही होती. मॅनेजर उठून उभे राहिले, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. नव्या पॅनलवर चार यंत्रांना चार बाया लागणार नाहीत, दोन पुरतील, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. कुणाला ठेवायचं हा प्रश्न होता, तो माझ्यामुळे सुटला. निवड निष्पक्ष झाली, याचा त्यांना आनंद होता. मला वाटतं तो खराच होता.

मी फिटरवर संशय घेतला होता, भाईंवर घेतला होता, बाईच्या झाकणांवर घेतला होता. सगळ्या शेडमध्ये एकच माणूस मला ‘छान आहे, छान आहे’ म्हणत होता आणि त्याच्यावर मात्र नाही. आमच्या शास्त्राचा पहिला धडा मी जगाला शिकवत होते आणि स्वतःच्या स्तुतीपुढे साफ विसरले होते. लाज वाटली. आजही वाटते.

भांडून काही होणार नव्हतं, कारण कागद माझे होते आणि अक्षर माझं होतं. मी मॅनेजरांना एवढंच म्हटलं, की निर्णय अंतिम करण्याआधी शुक्रवारी एक शेवटची चाचणी बघायला या. तुम्हालाही पद्धत कळेल. ते आनंदानं हो म्हणाले.

शुक्रवारी ते आले तेव्हा नरसाळ्यात हळद भरलेली होती. मी त्यांना स्टुलावर बसायची विनंती केली. ते हसले, पण बसले. चार माणसांसमोर नाही म्हणणं त्यांना बरं दिसलं नसतं. भाई दोन ग्लास घेऊन उभे राहिले. बाई खडूच्या पॅनलपाशी मुठीत झाकणं घेऊन बसली. मी नवा तक्ता काढला. रात्री बसून आखलेल्या या तक्त्यात नावाचा रकाना नव्हता.

मी साहेबांना सूचना दिल्या त्या शब्दशः तिला पहिल्या दिवशी दिल्या होत्या त्याच. दहा पुड्या भरा, यंत्र थांबवा, परत सुरू करा. त्यांनी दहा पुड्या भरल्या. मग त्यांचा हात लाल बटणांवर आला आणि थांबला. टेबलावर झाकण वाजलं. त्यांनी वाकून बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुसरं झाकण. तोवर यंत्र पुड्यांवर पुड्या टाकतच होतं. भाईंच्या ग्लासातला चहा हिंदकळला, पण ते बोलले नाहीत, हे मी त्यांच्या आयुष्यातलं सर्वात मोठं यश मानते. साहेबांचा अंगठा किंचित मागे आला. तिसरं झाकण. मग त्यांनी बटण दाबलं, आणि अख्खं नरसाळं त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर रिकामं झालं.

कुणी हसलं नाही. साहेब हळदीत उभे राहिले आणि म्हणाले, “हे मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही.”

“तिलाही कुणी सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले, आणि टेबलाकडे बोट केलं. तीन झाकणं त्या दोन बटणांपाशीच होती. काचेखालच्या तक्त्यावर तिच्या पुढे रेघाही तीनच होत्या. त्यांनी वाकून झाकणं मोजली. तुम्ही मला फसवलंत, असंही म्हणाले. ते अगदीच चूक नव्हतं.

पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते. लाल रेघा खोडल्या गेल्या. बाई यंत्रावर राहिली, दुसरीही राहिली. पॅनल बदललं, त्यात थांबवायचं बटण तेवढंच लाल ठेवलं आणि त्यावर टिकलीएवढा एक उंचवटा आला, जो डोळे मिटूनही बोटाला लागायचा. यंत्रं परत येणं बंद झालं. मी त्यानंतर दोन वर्षं तिथे शिकवलं, आणि मी आत शिरले की पाइप वाजायचाच, दोनदा. मी त्यांना कधी थांबवायला सांगितलं नाही.

पण त्या शुक्रवारची एक गोष्ट राहिली. साहेब अजून स्टुलापाशीच होते, भाई कुणाकडून तरी झाडू मागत होते. मी तक्त्यावर नोंद करायला बसले, तेव्हा बाई उठून माझ्या शेजारी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पहिल्या रकान्यात काय असतं ते तिला आता चांगलंच ठाऊक झालं होतं. तिनं कागदाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं.

“बाय, साहेबाचा नाव लिव ना.”

तिच्या बोलीत थोरामोठ्यांनाही ‘तू’च असतं. मी तिला हळू आवाजात समजावलं, की आता आपण कुणाचंच नाव लिहीत नाही. परीक्षा यंत्राची असते, माणसाची नसते.

“माजा लिवला होतास,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राहून गेलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी, तसं ती म्हणाली.

मी पेनचं टोपण काढलं. साहेब हळदीच्या पलीकडून माझ्याकडे बघत होते. शेजारच्या दोन कारखान्यांत ते माझं नाव सुचवणार होते, हे तेवढ्यातच मला आठवलं. मी पेन कागदाच्या डाव्या कडेपाशी नेलं.

तिनं मूठ उघडली, उरलेल्या झाकणांतलं एक उचललं आणि माझा हात थांबला होता तिथे, पेनाच्या टोकाशी, अलगद ठेवलं.